न घाबरणाऱ्या बाईचा मार्च

४ मार्च, सोमवार

ही वही देताना दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का?" म्हटलं, "हो, छत्तीस वर्षांची मुलगी आहे." त्या बिचाऱ्याने घाईघाईने सुटे पैसे परत दिले.

हिच्यात एकाच गोष्टीची नोंद करायची आहे, ती म्हणजे मी वैमानिक कशी झाले. उद्या कुणी विचारलं तर तारीखवार सांगता आलं पाहिजे.

मी टॉवर क्रेन चालवते. उंच इमारत उभी राहत असली की तिच्या शेजारी एक पिवळा खांब आणि त्याच्यावर लांबलचक आडवा हात दिसतो. ते दोन जुळतात तिथे काचेची एवढीशी खोली असते. तिच्यात मी बसते आणि लोखंड, सिमेंट, खिडक्या, जे म्हणाल ते उचलून जागेवर ठेवते. सकाळी शिडी चढून जायचं, दुपारी डबासुद्धा वरच खायचा. नवीन लोक खालून वर बघूनच गार होतात. मला कधी काही झालं नाही. भीती नावाची वस्तू देवाने वाटली तेव्हा मी बहुतेक रांगेत नव्हते.

तर झालं असं. मागच्या आठवड्यात साइटच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, कंपनी तुम्हाला संध्याकाळच्या कॉलेजात घालायला तयार आहे, नोकरी करत करत बांधकामाची पदवी घ्या, मग आखणी खात्यात या. आखणी खातं म्हणजे कुठली वस्तू कुठल्या क्रेनने, कुठून, कशी उचलायची हे कागदावर ठरवणारी मंडळी. त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या विमानशाळेत मोठ्या माणसांची तुकडी सुरू होतेय असं कळलं. तिथे दिवसभर जावं लागतं, म्हणजे नोकरी सोडायची. साठवलेलं तेवढ्याला पुरतं. दोन्हीकडचे प्रवेश एक एप्रिलला बंद होतात, आणि दोन्ही एकदम जमणं शक्य नाही.

लोक अशा वेळी महिनाभर डोकं धरून बसतात. मी जिना उतरेपर्यंत ठरवलं. विमान. उंचावर तर मी आहेच, आता फक्त चाकं लावायची. कॉलेजात मी एकोणिसाव्या वर्षी जाऊन आलेय. गणिताच्या पेपराच्या दिवशी तिकडे न जाता क्रेनच्या प्रशिक्षणाला नाव घातलं आणि माझं कल्याण झालं. पुन्हा त्या बाकावर बसायला मी काही खुळी नाही.

६ मार्च

सकाळी चहाच्या वेळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला हवं ते कर." एवढंच. मग स्वतःच्या चहात त्याने दोनदा साखर घातली आणि तसाच पिऊन टाकला.

असा समजूतदार नवरा शोधून सापडणार नाही. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर शांतपणे काचा घासत बसतो. आम्ही तळमजल्यावर राहतो तेही त्याच्याच आग्रहामुळे, वरच्या मजल्यांवर ऊन फार लागतं म्हणे. घरातले दिवे बदलायला स्टुलावर मीच चढते, कारण त्याच्या मते माझ्या हाताला यश आहे. दुसऱ्याचं कौतुक करताना हात आखडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

साइटवर मैनेलाही सांगितलं. मैना म्हणजे माझा सिग्नलवाला. अंगाने पैलवान, डोक्यावर एक केस नाही, पण वॉकीटॉकीवर तोंड म्हणून मिटत नाही, त्यावरून हे नाव. मी वर, तो खाली, आणि त्याच्या शब्दावर माझा हुक चालतो.

"ताई, तुम्ही गेलात तर मी बोलू कुणाशी?"

"माझ्या जागी दुसरं कुणीतरी येईलच की."

"येईल हो. पण ऐकून घेणारं माणूस मिळायला नशीब लागतं."

"थोडं डावीकडे घेऊ का ते सांग आधी."

"घ्या. डावीकडे घ्या आणि जा उडून."

१० मार्च, रविवार

प्रवेशाआधी विमानशाळा तीन वेळा उडवून आणते, आवडतंय का बघायला. आज पहिली खेप. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, आवाज जाडाभरडा. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. जरा वेळ विमान माझ्या हातात दिलं. मस्त वाटलं. वरून दिसतं ते सगळं ओळखीचंच होतं, फक्त सरकत होतं.

कॅप्टन म्हणाल्या, "तू सारखी खाली बघतेस. लांब बघ." मी म्हटलं, खाली बघण्याचाच मला पगार मिळतो. हसल्या.

नवरा आला नाही, दुकानात काम होतं म्हणाला. आता लिहिताना आठवलं, रविवारी दुकान बंद असतं. साफसफाई काढली असेल.

आणखी काय लिहू? मस्त वाटलं. झोपते आता.

१३ मार्च

साहेबांना तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून म्हटलं, एक दिवस वर्गात बसून येऊ, म्हणजे 'बघून आले, जमणार नाही' असं सांगता येईल. संध्याकाळी साइटवरून थेट गेले.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर. बाकांवर सगळी कामावरून आलेली माणसं. एक लिफ्टवाला, एक नकाशे काढणारी, एक जण तर जांभया देण्यासाठीच आला असावा. मास्तर माझ्याच वयाचे असतील. त्यांनी फळ्यावर दोन टेकूंवर ठेवलेली तुळई काढली, मध्ये वजन टांगलं आणि विचारलं, "हिचा वरचा भाग ताणला जातो की दाबला जातो?" कुणी बोलेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "वरचा दाबला जातो, खालचा ताणला जातो. पण क्रेनच्या हाताला उलटं." मास्तर वळले. "उलटं का?" मी म्हटलं, "कारण तुळई दोन्हीकडे टेकलेली आहे. आमचा हात एकीकडेच धरलेला, पुढचं टोक मोकळं. वजन टोकाकडे गेलं की वरचा भाग ताणला जातो." त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

मी फळ्याशी गेले, आमची क्रेन काढली, मागे तोलासाठी बसवलेली काँक्रीटची वजनं काढली. मग मास्तरांनी त्याच चित्रावर बाण काढले, बाणांवर आकडे घातले, आणि मी इतकी वर्षं जे बुडाखाली नुसतं जाणवून घेतलं होतं ते त्या आकड्यांतून निघालं. वजन हाताच्या मध्यावर असलं की मला एक हलका धक्का जाणवतो, टोकाला गेलं की संथ झुलल्यासारखं होतं. हे मला वाटायचं की फक्त मलाच ठाऊक आहे. त्याला सूत्र आहे! घरी येऊन वर्तमानपत्राच्या कडेला पुन्हा काढून बघितलं. नवरा म्हणाला, "दिवा बंद करतेस का?" म्हटलं, "थांब, हे एवढं झालं की."

असो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला, कंटाळा आला नाही हे खरं. पण म्हणून काही मत बदलत नाही. येताना चौकशीच्या खिडकीपाशी थांबले होते. तिथला कारकून म्हणाला, प्रवेशाआधी गणित आणि यंत्रशास्त्राचा एक पेपर द्यावा लागतो. तेवढ्यात मला आठवलं की घरात दूध नाही. निघाले.

१९ मार्च

आज साइटवर पुढच्या भिंतीच्या काचा चढवायच्या होत्या. आखणी खात्यातला पोरगेला इंजिनिअर आला होता. काचेची चौकट चार कोपऱ्यांना पट्टे लावून उचलायची, आणि पट्टे लांब घ्यायचे, असं त्याने ठरवलेलं. मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "अहो, एवढे लांब कशाला? आखूड पट्टे लावा, हुक वस्तूच्या जवळ राहील, वाऱ्यात झुलणार नाही." मला माझं म्हणणं अगदी बिनतोड वाटलं. मैनाही म्हणाला, "ताई म्हणतात ते बरोबर आहे."

जेवणाच्या सुट्टीत मी खाली उतरले. त्या मुलाने वाद घातला नाही. सिमेंटच्या पोत्याचा एक कागद फाडला आणि दोन ओळी लिहिल्या. पट्टे आखूड केले की ते आडवे पडतात. जितके आडवे, तितका प्रत्येक पट्ट्यावरचा ताण वाढतो. वजन तेवढंच, ताण दुप्पट. आणि तोच ताण चौकटीला दोन्ही बाजूंनी आत दाबतो. माझ्या पद्धतीने उचललं असतं तर काच वर पोचायच्या आत तडकली असती.

मी साफ चुकले होते. आणि काय सांगू, इतकी वर्षं आडव्या पट्ट्यांची करकर मी ऐकतेय, ती का होते हे आज कळलं. दोन ओळींत! तो कागद मी मागून घेतला. दुपारभर वर बसून वेगवेगळे कोन धरून आकडे काढत होते.

संध्याकाळी मैना म्हणाला, "ताई, आज वॉकीटॉकीचं बटण दाबून गाणं म्हणत होतात. सगळ्या साइटने ऐकलं."

रविवारी पुन्हा उडायचंय ना, त्याचाच आनंद असणार.

२१ मार्च

कॉलेजवरून जात होते, सहज आत डोकावले. खिडकीपाशी गर्दी होती, म्हणजे दोघं तरी होती. दूध घेऊन परत आले.

२४ मार्च, रविवार

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

क्रेनवर आमचा एक नियम आहे. सिग्नल द्यायचा तो सिग्नलवाल्याने, पण 'थांब' मात्र कुणीही म्हणू शकतं. झाडूवाला असो की साहेब, कुणीही दोन्ही हात पसरून हलवले की क्रेन थांबलीच पाहिजे. आणि थांबवायचं म्हणजे काय, तर हातातले लिव्हर, म्हणजे क्रेन चालवायचे दांडे, सोडून द्यायचे. हात काढले की लिव्हर आपोआप मध्ये येतात, ब्रेक लागतात, सगळं जागच्या जागी. बारा महिने तेरा काळ हेच केल्यामुळे ते आता अंगात मुरलंय.

तर आज उतरताना विमान माझ्या हातात होतं. कॅप्टन शेजारी. धावपट्टी समोर येत होती. कडेला गवत कापणारा एक माणूस पलीकडच्या दुसऱ्या माणसाला हाक मारायला दोन्ही हात पसरून हलवू लागला. मी ते पाहिलं आणि हात सोडले. दोन्ही. पायसुद्धा उचलले. आणि अगदी निवांत बसले, आता सगळं थांबेल म्हणून.

कॅप्टनने काय केलं ते मला नीट दिसलंही नाही. इंजिन गरजलं, आम्ही पुन्हा वर गेलो. वर गेल्यावर त्यांनी विचारलं, "हात का सोडलेस?"

"थांबवायला."

"इथे कोण थांबवणार होतं?"

मी नियम सांगितला. त्या इतक्या हसल्या की मलाच विमानाची काळजी वाटली. म्हणाल्या, "बसवाले येतात ते ब्रेक शोधत पाय आपटतात. जाते ती सवय, थोड्या दिवसांत जाते. हात चांगला आहे तुझा. तू वैमानिक होशील, त्यात मला शंका नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण माणूस एवढं चुकल्यावर थोडं तरी घाबरतं. तू मला नियम समजावत बसलीस."

हे कौतुक होतं असं मी धरून चालते. नवऱ्याला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे?

२६ मार्च

मैनेच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. काल मी त्याला हसत हसत सांगितलं, आणि आज हा गृहस्थ चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आमच्या दुकानात गेला.

नवरा घरी आला तो थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, आता ऐकवणार. तर म्हणाला, "येत्या रविवारी मीही येतो. मागे बसायला जागा असते ना?"

मी उडालेच. शेवटी गोडी लागली म्हणायची! कॅप्टनना फोन केला, त्या म्हणाल्या, आणा.

२८ मार्च

नणंदेचा फोन. दुसरंतिसरं काही नाही, थेट सुरुवात.

"वहिनी, तू दादाला विमानात नेतेयस?"

"तोच येतो म्हणाला."

"अगं, तो लहानपणी गच्चीवर पतंग उडवायला यायचा नाही. खाली उभा राहून आमची रिळं धरायचा. एकदा काकांनी उचलून कठड्यावर बसवला तर रात्री ताप भरला होता त्याला. तुला ठाऊक नाही?"

म्हटलं, "लहानपणीचं कुणाचं काय खरं."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातला स्टूल उगाच कोपऱ्यात नेऊन ठेवला. हा माणूस माझ्या साइटवर कधी म्हणजे कधीच आला नाही. मला वाटायचं, त्याला माझ्या कामात रस नाही. एकदा तर मी त्यावरून तीन दिवस अबोला धरला होता.

संध्याकाळी कॉलेजच्या बाजूला काम होतं. काम नव्हतं खरं तर. दूध आणलं.

३१ मार्च, रविवार

सावकाश लिहिते.

सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी गाडीत म्हटलं, "नको येऊस. मला तुझ्या बहिणीने सांगितलंय सगळं." तो म्हणाला, "तिला सांगायची घाईच असते," आणि गाडी चालवत राहिला.

विमानात चढताना त्याचा हात धरला तर तो बर्फासारखा गार. कॅप्टनने त्याचा पट्टा बांधला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाल्या, "पंधरा मिनिटांत परत आणते." विमान सुटलं. मी मागे वळून वळून बघत होते. पाचावर धारण बसलेली, तोंडाचा रंग उतरलेला, पण डोळे उघडे. मला वाटलं होतं मिटून घेईल. एकदाही मिटले नाहीत.

उतरवलं मी. हात सोडले नाहीत, लांब बघितलं, चाकं अलगद टेकली. कॅप्टनने पाठीवर थाप मारली. मला त्याचं काही वाटलंच नाही, मी आधी मागचं दार उघडलं.

तो गवतात जाऊन ओकला. मग तोंड धुऊन माझ्याजवळ बसला.

मी ओरडलेच. "कशाला आलास? कुणी सांगितलं होतं?"

तो म्हणाला, "तू विमान घेतलंस तर मी रोज घाबरणार. ते माझं मी बघीन. पण मी घाबरतो म्हणून तू सोडलंस, असं कधी व्हायला नको. म्हणून एकदा बसून बघितलं."

"मग? गेली भीती?"

"छे. पण भीती वाटत असतानासुद्धा बसता येतं. हे मला ठाऊक नव्हतं."

मला एकदम रडू आलं. म्हटलं, "बरं झालं बाबा, मला कशाचीच भीती वाटत नाही ते."

"वाटते की."

"कशाची?"

"घरात दूध ठेवायला जागा राहिली नाही," तो म्हणाला. "कॉलेजच्या बाजूला गेलीस की दूध घेऊन येतेस. शेजारच्या काकूंना वाटतं, आपण दुकान काढलंय."

मी चपलेला लागलेलं गवत काढत राहिले. तोच पुढे म्हणाला, "तू विमानातून येतेस, 'मस्त वाटलं' म्हणतेस आणि झोपतेस. वर्गात जाऊन आलीस त्या दिवशी मला झोपू दिलं नाहीस. ते पट्ट्यांचे कोन तर मला जेवताना दोनदा ऐकवलेस. मला काय कळतं त्यातलं? पण तुझं तोंड दिसतं ना मला. आणि विमानच हवं असेल तर विमान घे. मी येऊन बसलोय, आता माझं नाव पुढे करू नकोस."

उंचावर मी बसते, त्याचं लोक कौतुक करतात, आणि मी आजवर ते खुशाल घेत आले. त्यात माझं काय गेलं? मला तिथे काही वाटतच नाही. ज्याला ते वाटतं तो माणूस आज इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यामागे येऊन बसला. आणि मी एका कारकुनासमोर उभी राहू शकत नाही, कारण तो म्हणतो पेपर आहे. एकोणिसाव्या वर्षी माझं काही कल्याणबिल्याण झालं नव्हतं, मी पळाले होते.

मला ते शिकायचंय. ते दोन ओळींतलं. फार शिकायचंय. इतकं की नापास झाले तर सहन होणार नाही.

१ एप्रिल

कॉलेजच्या खिडकीवर नाव नोंदवलं. सही केली, पण अर्ज काही हातातून सुटेना. कारकून म्हणाला, "घाबरू नका, सोपा असतो पेपर." म्हटलं, "सोपा असेल तर जास्तच घाबरेन." येत्या रविवारीच पेपर.

कॅप्टनना फोन केला. वाटलं होतं चिडतील. म्हणाल्या, "आकाश कुठे जात नाही. पदवी घे आणि ये. तोवर माझे गुडघे टिकले तर मी शिकवीन, नाहीतर दुसरं कुणी."

मैनेला सांगितलं तर म्हणाला, "एक एप्रिल आहे ताई, मी फसणार नाही." शेवटी साहेबांकडून खात्री करून आला, आणि त्यानंतर दिवसभर वॉकीटॉकीवर मला पाढे विचारत होता. सतराच्या पाढ्यात मी अडकले. सगळ्या साइटने ऐकलं.

७ एप्रिल, रविवार

पेपर दिला.

नवरा दारापर्यंत सोडायला आला होता. आत गेले, बाकावर बसले, आणि तोंडचं पाणी पळालं. पहिला प्रश्न वाचला, कळला नाही. पुन्हा वाचला, तरी नाही. आजूबाजूला सगळे खाली मान घालून लिहीत होते आणि दार उघडंच होतं. उठून चालायला लागले असते तर कुणी अडवलं नसतं.

मग दुसरा प्रश्न वाचला. त्यात दोन पट्ट्यांना टांगलेलं वजन होतं. तो सुटला. तिसऱ्यात अडकले. चौथा अर्धा आला. पहिला शेवटी केला आणि तो बरोबर की चूक, देव जाणे. घाम पुसत पुसत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. भीती काही कमी झाली नाही, अगदी शेवटपर्यंत शेजारी बसून होती. घंटा झाल्यावर पेपर हातातून काढून घ्यावा लागला, कारण मी अजून लिहीतच होते.

बाहेर आले तर तो पायरीवर बसलेला. सकाळपासून तिथेच होता. म्हणाला, "कसा गेला?"

नेहमीसारखं 'मस्त' म्हणणार होते. जीभ वळली नाही. म्हटलं, "माहीत नाही रे. खूप घाबरले. अजून घाबरलेय. निकालाला पंधरा दिवस आहेत, तोवर मी काय करू?"

तो उठला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "मला विचार. घाबरायची मला सवय आहे."

मी विचारलं. आणि तो घर येईपर्यंत मला सांगत राहिला.